वावरातल्या समाध्या कुणाच्या?

पांदण रस्त्याची मोजणी निघाली की विदर्भातल्या गावात सगळी जुनी भांडणं वर येतात. कुणी धुरा, म्हणजे शेताचा बांध, किती कोरला, कुणाच्या आज्याने विहिरीची वाट कुणाला तोंडी दिली होती, कुणाची बाभूळ कुणाच्या हद्दीत आहे. यंदा आमच्या तालुक्यातल्या एका गावात मोजणीच्या खुणा एका गोसावी कुटुंबाच्या वावराच्या कोपऱ्यातून गेल्या. त्या कोपऱ्यात त्या घराण्याच्या समाध्या आहेत. ग्रामसभेत लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, ‘मेलेल्यायले जागा अन् जित्यायले चिखल?’ दुसरा म्हणाला, ‘आमच्या बाप-आज्याच्या छातीवरून रोलर जाऊ देणार नाही.’ पुढे सभा संपेपर्यंत याच दोन वाक्यांची उजळणी झाली. विकास की भावना, असं वादाला नाव पडलं आणि मोबाईलवरून ते तालुकाभर फिरलं. हा वाद फार वाईट पद्धतीने चालला आहे असं मला वाटतं. दोन्ही तटांनी एक गोष्ट न तपासता धरून घेतली आहे, की ती जागा म्हणजे त्या एका घराची खाजगी बाब आहे.

माझं मत आधीच सांगतो. घराण्यांनी राखलेल्या दफनाच्या अशा जागा मोजल्या पाहिजेत. सातबाऱ्यावर आणि गावाच्या दफ्तरात त्यांची, तिथे जाण्याच्या वाटेसकट, स्वतंत्र नोंद झाली पाहिजे. रस्ता, धरण किंवा खाणीसाठी त्या हलवायची वेळ आलीच, तर तिचा हिशेब कामाचा पहिला खड्डा पडण्याआधी झाला पाहिजे. आणि हे सगळं मिळवताना त्या कुटुंबानेही ‘आमचीच जागा, आमचंच मत’ हा हट्ट सोडून राखणदारी पत्करली पाहिजे. यातलं एकही मागणं नवीन कायदा मागत नाही. आहे तो कायदा कुणी उघडून पाहिला नाही, एवढंच.

वाद घालणाऱ्यांनी ती जागा एकदा नीट पाहून यावी. नाल्याच्या काठाने थोडा चढ चढलं की कडुनिंबाखाली ओट्यांची रांग लागते. गिरी, पुरी, भारती, बन अशा दशनामी गोसावी घराण्यांत मृताला अग्नी देत नाहीत. बसवून, भोवती मीठ घालून, जमिनीत समाधी देतात, वर ओटा बांधतात आणि त्यावर पिंड ठेवतात. इथले सगळ्यांत जुने ओटे काळ्या दगडाचे, चुन्यात बांधलेले. नंतरचे विटांचे, अलीकडचे सिमेंटचे, एका ओट्याला तर न्हाणीघरातल्यासारख्या पांढऱ्या टाइल्स. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे जुना एकही ओटा सरळ उभा नाही. दरवर्षी पोळ्याच्या सुमाराला घरातलं कुणीतरी येऊन तरोटा कापतं, कललेल्या ओट्याखाली दगडाची पाचर ठोकतं, शेंदूर लावतं. नाव एखाद-दुसऱ्याच दगडावर कोरलेलं आहे. बाकी कोणता ओटा कुणाचा, हे घरातल्या म्हातारीला ठाऊक. मी गेलो तेव्हा तिने एकेका ओट्यावर हात ठेवून नाती सांगितली. मग कडुनिंबामागच्या, वर नुसता धोंडा ठेवलेल्या बारीक बारीक उंचवट्यांकडे बोट करून म्हणाली, ‘त्या बारक्या गावच्या.’

तेवढ्या शब्दांनी वादाची बाजूच पालटते. आमच्याकडे मोठ्या माणसाला अग्नी देणाऱ्या घरांतही तान्ह्या लेकराला मातीच देतात. गावाचं स्मशान नाल्यापलीकडे. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वाट बंद. अशा दिवसांत गावाने आपली लेकरं या वावरात आणली आणि या कुटुंबाने कुणालाही परत पाठवलं नाही. कुणब्याचं, तेल्याचं, महाराचं, गोवाऱ्याचं, सगळ्यांचं काहीतरी त्या कडुनिंबामागे आहे. ग्रामसभेत ‘जित्यायले चिखल’ या वाक्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांची पाठची-पुढची भावंडं तिथे आहेत, हे त्यांच्या आयांना विचारावं. मग ही जागा त्या कुटुंबाची की गावाची? जमीन कुटुंबाची, राखण कुटुंबाची, पण आत निजलेल्यांत गावही आहे. असा संबंध सातबाऱ्याच्या कोणत्या रकान्यात बसतो, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे.

आता विरोधी बाजूचं जे वजनदार आहे ते मान्य करतो, कारण ते हलक्यात घेण्यासारखं नाही. सगळ्यांत मोठा आक्षेप जातीचा आणि जमिनीचा. आपल्या वावरात समाधी बांधायला आधी वावर लागतं. ज्याच्या सात पिढ्या दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेल्या, त्याने पूर्वज कुठे ठेवावेत? पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, मौत झाली की माती कुठे द्यायची हाच पहिला प्रश्न असतो. एकाच गावात सवर्णांचं स्मशान वेगळं आणि दलितांचं वेगळं, त्यातही एकाला डांबरी रस्ता आणि दुसऱ्याला कुणाच्यातरी बांधावरून जाणारी, दर पावसाळ्यात अडवली जाणारी वाट, हे आपण सगळे जाणतो. रस्ता नाही म्हणून प्रेत तहसील कचेरीसमोर नेऊन ठेवल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. अशा परिस्थितीत ‘घराण्याचा वारसा’ म्हणून जमीनवाल्यांच्या समाध्यांना संरक्षण मागणं म्हणजे मेल्यावरही जमीनदारी चालू ठेवणं आहे, असं एका तरुण कार्यकर्त्याने मला सुनावलं. त्याचा राग मला योग्य वाटतो. शिवाय समाधीच्या नावाने जागा बळकावण्याचे प्रकार होतात. आधी ओटा, मग टिनाचं छप्पर, मग सभामंडप, आणि मग शेजाऱ्याचा धुरा आत. आणखी एक आक्षेप साधा आहे. माणसं हजारो वर्षं मरत आली आहेत. प्रत्येक हाडावर नोंद करायची म्हटलं तर पेरायचं कुठे?

शेवटच्या आक्षेपापासून सुरू करतो, कारण विदर्भाच्या जमिनीने त्याला आधीच उत्तर देऊन ठेवलं आहे. नागपूरहून काटोल रस्त्याने जुनापाणीकडे गेलं की शेकडो शिळावर्तुळं दिसतात. मोठ्या धोंड्यांचं कडं आणि आत दगडमातीचा ढीग. तीच गोष्ट माहुरझरीची, टाकळघाट-खापाची, नैकुंडची. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळं उकरून १८७९ साली त्यांच्यावर लिहिलं. पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट उत्खननं केली. लोखंडाची हत्यारं आणि अवजारं निघाली, तांब्याचे दागिने चढवलेले घोडे माणसांसोबत पुरलेले निघाले, नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. इसवी सनाआधीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भात कोण राहत होतं, ते लोखंड कसं करत होते, घोडा त्यांना किती प्रिय होता, हे आपल्याला कळलं ते मुख्यतः त्यांच्या मसनवट्यांतून. त्यांची घरं फारशी उरली नाहीत, त्यांनी लिहून काही ठेवलं नाही. आज पाठ्यपुस्तकात ‘महापाषाणीय संस्कृती’ म्हणून जे येतं, ते एके काळी कुणाच्यातरी घरच्यांनी, कुळातल्यांनी राखलेलं ठिकाण होतं. त्यातली पुष्कळ वर्तुळं मुरमाच्या खदानींत, लेआउटांत आणि नांगराखाली गेली आणि काहींना केंद्र सरकारचं संरक्षण मिळालं. कोणती वाचली आणि कोणती गेली, हे त्यांच्या महत्त्वावरून ठरलं नाही. ज्यांची वेळेवर नोंद झाली त्यांना निदान वाचायची संधी मिळाली. सगळं राखा असं म्हणायला मी येडा नाही. नोंद करा म्हणतो, आणि नोंद पेरणीच्या आड येत नाही.

वारसा म्हटलं की आपल्याला राजा आठवतो, ही दुसरी अडचण. चंद्रपूरला अचलेश्वराच्या देवळाजवळ राणी हिराईने नवऱ्याची, बीरशाहाची, समाधी बांधली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची ती वास्तू, आणि भोवती गोंड राजघराण्यातल्या इतरांच्याही समाध्या. एका बाईने आपल्या माणसासाठी बांधलेली आणि घराण्याने राखलेली जागा ती. आज ती संरक्षित स्मारक आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात माडिया गोंड आपल्या मृतांच्या नावाने दगड उभे करत आले आहेत. मेळघाटात कोरकू माणूस गेला की सागाच्या लाकडाचा ‘मुंडा’ कोरून घेतात. त्यावर घोडेस्वार, सूर्य, चंद्र कोरलेले असतात. झाडाखाली घरातल्या आधीच्या मुंड्यांशेजारी तो रोवला जातो. ऊन-पावसात लाकूड राखाडी होतं, वाळवी लागते, नक्षी पुसते, आणि पुढच्या पिढीचा मुंडा शेजारी येतो. हिराईच्या समाधीत आणि या मुंड्यांत प्रेमाचा फरक आहे का? कारागिरीचा तरी आहे का? फरक दगडाच्या टिकाऊपणाचा आणि नावाच्या मोठेपणाचा आहे. मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प झाला आणि पुढे बोरी, कोहा, कुंड अशी गावं गाभ्यातून बाहेर आली, तेव्हा घरं, जमिनी आणि माणसं मोजली गेली. झाडाखालचे पूर्वज कोणत्या यादीत धरायचे, हा प्रश्न असतो हेच शहरातल्या वाघप्रेमींना, आणि मीही वाघप्रेमी आहे, कधी सुचलं नाही.

आणि हे केवळ भावनेचं काम नाही, याचा पुरावा कायद्यातच आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमांत, जंगलावरचा जुना वहिवाटीचा हक्क सिद्ध करायला कोणते पुरावे चालतील याची यादी दिली आहे. त्या नियम १३ मध्ये जुनेपण दाखवणाऱ्या पारंपरिक खुणा म्हणून विहिरी, दफनाच्या जागा आणि देवस्थानं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ज्याच्याकडे कागद नाही, त्याच्यासाठी आज्याची कबर हाच कागद आहे, असं भारत सरकारने मान्य केलं आहे. मग समाधी राखणं म्हणजे जमीनदारी, हे म्हणणं किती टिकतं? गडचिरोलीतल्या भूमिहीन ठरवलेल्या आदिवासीच्या हातात तीच समाधी हक्काचं साधन होते. माझ्या त्या कार्यकर्त्या मित्राला मी हेच सांगितलं. घराण्याच्या दफनभूमीची नोंद हे जमीनवाल्यांचं मागणं म्हणून सोडून देऊ नकोस, ज्यांच्याकडे दुसरा कागद नाही त्यांचं मागणं म्हणून ते हातात घे.

कागदाचं महत्त्व वैदर्भीय माणसाला वेगळं सांगायला नको. जात पडताळणीसाठी पणज्याची नोंद शोधत माणसं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल पंजीची पिवळी पानं उलटतात. गावच्या कोतवालाने सांगितलेल्या जन्म-मृत्यूच्या त्या नोंदी शंभर वर्षांनी नातवंडांच्या नोकरीला आणि शाळेला उपयोगी पडतात. पण १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, १९१८ चा इन्फ्लुएन्झा, अशा वर्षांत मरणारे इतके होते की जाळायला लाकूड पुरलं नाही, आणि एरवी जाळणाऱ्यांनीही मिळेल तिथे माती दिली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा १९१८ च्या साथीत सगळ्यांत जास्त मार खाल्लेल्या प्रदेशांपैकी एक. त्यांची जागा कोणत्या पंजीत आहे? याउलट १८२१ साली वसलेल्या कामठीच्या छावणीत ताप येऊन मेलेल्या गोऱ्या शिपायाचं बघा. पाद्री त्याच्या दफनाची नोंद करत असे आणि कंपनीच्या काळापासून अशा नोंदींची नक्कल लंडनला जात असे. ती आजही तिथे आहे. १९७६ साली तर दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमी जपण्यासाठी इंग्लंडमध्ये एक संस्थाच निघाली. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांनी आपल्या माणसांची कदर केली. आपल्या मातीत आपल्याच माणसांची तेवढी कदर करायला आपल्याला कुणी अडवलं आहे?

जातीच्या आक्षेपाचं काय? त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे सगळ्यांसाठी एकच सार्वजनिक स्मशानभूमी आणि बाकीच्या जागा बंद. उद्देश चांगला आहे, पण प्रत्यक्षात काय बांधलं जातं ते पाहू. जनसुविधेच्या निधीतून लोखंडी खांबांची शेड, खाली दहनओटा, बाजूला हातपंप. सगळी रचना जाळणाऱ्यांसाठी. माती देणाऱ्यांनी, म्हणजे लिंगायतांनी, गोसाव्यांनी, महानुभावांनी, गोंड-कोरकूंनी आणि लेकरू गेलेल्या प्रत्येकाने, त्या शेडमागच्या मुरमाड पट्टीत जागा शोधायची. एकच स्मशान म्हणजे समता, हे समीकरण इथे फसतं. आणि ज्या गावात जिवंत माणसाला पाणवठ्यावर अडवलं गेलं, तिथे एक शेड बांधून प्रेताला कुणी अडवणार नाही, याची हमी कोण देतो? मला वाटतं सार्वजनिक स्मशान हवंच, चांगल्या रस्त्यासह, सगळ्यांना खुलं, आणि त्यात दफनाची राखीव जागा हवी. ते देणं ग्रामपंचायतीच्या कामांतच येतं. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यानेही पुनर्वसित गावात तिथल्या जाती-जमातींच्या प्रथा पाहून दफनाची किंवा दहनाची जागा द्यायला सांगितलं आहे. पण नवं उघडायचं म्हणून जुनं पुसायचं, हे त्यातून निघत नाही. या गोसावी कुटुंबाने गावाची लेकरं घेतली तेव्हा जात विचारली नाही. पंचायतीच्या शेडला अजून ते साधायचं आहे.

बळकावण्याचा आक्षेप उरतो, आणि त्यावर तर नोंदीइतकं प्रभावी काहीच नाही. आज या समाध्या फार तर पोटखराबात, म्हणजे पेरणीला अयोग्य क्षेत्रात, धरलेल्या, नाहीतर कशातच नाहीत. म्हणून दोन्हीकडून लबाडी शक्य होते. कुटुंबातला एखादा ओटे वाढवत धुरा गिळू शकतो आणि रस्त्याचा ठेकेदार ‘इथे काही नव्हतंच’ म्हणू शकतो. त्याहून वाईट प्रकार जमीन विकताना होतो. माझ्या माहितीतल्या एका घराने आईच्या आजारपणात वावर विकलं. विकत घेणाऱ्याने पहिलं वर्ष वाट दिली, दुसऱ्या वर्षी तूर पेरली, तिसऱ्या वर्षी रोटाव्हेटर सरळ ओट्यांवरून फिरवला. कायद्याने त्याचं चुकलं का? भारतीय दंड संहितेच्या कलम २९७ ने, आणि आता न्याय संहितेच्या कलम ३०१ ने, दफनाच्या जागी घुसून विटंबना करणं हा गुन्हा आहे. पण ती दफनाची जागा होती हे दाखवणार कशावरून? आणि वाटेचं म्हणाल, तर महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून वाट देतं ते जमीन धारण करणाऱ्याला. ज्याची जमीन गेली आणि पूर्वज मात्र आत राहिले, त्याला ते कलम काय देणार?

याच ठिकाणी विदर्भाचा जुना वारसा उपयोगी पडतो, आणि तो आपण विसरलो आहोत याचं मला दुःख आहे. मालगुजारीच्या, म्हणजे मालगुजारामार्फत गावाचा महसूल गोळा होण्याच्या, काळापासून इथे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन दफ्तरं आहेत, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही ती ठेवली. निस्तारपत्रकात चराई, जळण अशा सरकारी पडीक जमिनीवरच्या गावाच्या हक्कांची नोंद होते. वाजिब-उल-अर्जाचं काम त्याहून नाजूक. सरकारच्या मालकीच्या नसलेल्या, म्हणजे खाजगी जमिनीवरही गावाच्या ज्या रूढी आहेत, वाटेचे आणि तसल्या वहिवाटीचे जे हक्क आहेत, ते कलम १६५ खाली त्यात लिहायचे असतात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातल्या महसूल व्यवस्थेला इतकं कळलं होतं की मालकी एकाची असून वहिवाट दहांची असू शकते. कडुनिंबामागच्या लेकरांचा प्रश्न याच दफ्तरासाठी आहे. हितसंबंध असलेल्या माणसाच्या अर्जावरून त्यातल्या नोंदीत बदल करण्याची तरतूदही आहे. तलाठ्याच्या कपाटात ते दफ्तर धूळ खात पडलं असेल, तर तो दोष रूढीचा नाही.

मोठ्या प्रकल्पांबाबत मात्र माझा सूर इतका मवाळ राहत नाही. गोसेखुर्दचं भूमिपूजन १९८८ साली झालं तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा होता आणि त्यात गावाच्या सामाजिक नुकसानीचा अभ्यास करण्याची अटच नव्हती. २०१३ च्या कायद्याने ती आणली, आणि त्या अभ्यासात देवस्थानांबरोबर दफन-दहनाच्या जागांवरचा परिणाम पाहायला सांगितलं. पण त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत कोळसा क्षेत्राचा १९५७ चा आणि राष्ट्रीय महामार्गांचा १९५६ चा कायदा आहे. पुढे मोबदल्याच्या तरतुदी त्यांनाही लावल्या, अभ्यासाची अट लावली नाही. वणी, राजुरा, उमरेड या पट्ट्यात जमीन जाते ती बहुतांशी याच दारातून. म्हणजे जिथे गावंच्या गावं खोदली जातात, तिथेच मसनवटी मोजायची सक्ती नाही. ज्यांना विकास आणि भावना असा वाद घालायचा आहे, त्यांनी तो इथे घालावा. एका कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली नको.

आमच्या त्या गावापुरतं सांगायचं तर काम फार नाही. रस्ता झालाच पाहिजे. सोयाबीन आणि कापूस चिखलातून डोक्यावर वाहून आणणाऱ्या बायांकडे पाहिलेला कुणीही त्याला विरोध करणार नाही. मोजणीदाराला एवढंच विचारायचं, की रस्ता समोरच्या धुऱ्याकडे सरकतो का? सरकत असेल तर जितकी जागा समोरचा शेतकरी देतो, तितकी या कुटुंबाने आपल्या वावराच्या दुसऱ्या टोकाला सोडावी. सरकत नसेल, तर कोणते ओटे हलवायचे ते कुटुंबाने आणि ज्यांची लेकरं तिथे आहेत त्या घरांनी एकत्र बसून ठरवावं, आणि खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकात धरावा. ओट्यांची जागा नकाशावर वेगळी दाखवावी, वाट सर्वांना खुली असल्याचं कुटुंबाने लिहून द्यावं, नवं बांधकाम न करण्याची अट त्यातच असावी. ग्रामसभेने तसा ठराव करून वाजिब-उल-अर्जात नोंदीसाठी तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. हे सगळं मृग लागण्याआधी उरकावं. एकदा पेरण्या सुरू झाल्या की मोजणीदार वावरात उतरत नाही, आणि पुढच्या वर्षापर्यंत निर्णय मग ठेकेदाराच्या जेसीबीकडे जातो.